प्रवाह सोपा करून मिळेल

नोड जेएसमध्ये एखाद्या स्ट्रीमला 'राइट' करायला सांगितलं आणि तिने 'फॉल्स' असं उत्तर दिलं, तर समजून चालायचं की लिहून झालेलं आहे. जन्मभर फॉल्सचा अर्थ 'नाही' असाच घोकलेल्या माणसाच्या हे पचनी पडत नाही. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने हे उत्तर पाहिलं आणि कुठल्याही कर्तव्यदक्ष माणसाने करावं तेच केलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा फॉल्स. म्हणून आणखी एकदा लिहिलं. मग फाइल उघडली, तर गिऱ्हाइकांच्या यादीत जो तो तीनतीनदा उभा.

"सर, हे नाही म्हणतंय आणि तरी लिहितंय."

"नाही म्हणत नाहीये ते. पुरे म्हणतंय."

"मग पुरे म्हणायला वेगळं काही नाही का?"

आहे. नंतर आलं. आणि खरं सांगायचं तर नोडच्या स्ट्रीमचा सगळा इतिहास या 'नंतर आलं'चाच आहे.

फॉल्सचा पुरा अर्थ असा: तू दिलेलं मी घेतलं, पण माझी साठवणीची जागा आता भरली, मी ती रिकामी करतो आणि 'ड्रेन' अशी हाक मारतो, तोवर दम धर. एवढं सगळं त्या एका फॉल्समध्ये कोंबलेलं आहे. पंगतीत जेवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन सुटलेला असतो आणि जेवणारा आपल्या चालीने जेवत असतो. जिलबी पानात पडते त्याच क्षणी जेवणारा 'नको, नको' म्हणतो. पडलेली जिलबी त्याला नको आहे असं नव्हे. ती तो खाणारच आहे. त्याचं 'नको' पुढच्या जिलबीला उद्देशून असतं. जाणता वाढपी पुढच्या पानाकडे सरकतो आणि थोड्या वेळाने परत फिरकतो. संगणकवाले या 'नको'ला बॅकप्रेशर म्हणतात. नोडमध्ये आजवर जे जे सोपं, सुटसुटीत म्हणून आलं, त्यातलं बरंचसं या एका 'नको'भोवती फिरतं. ते कोणी म्हणायचं, कोणी ऐकायचं, आणि ऐकलंच नाही तर काय.

ऐकलं नाही तर काय, हे आधी सांगून टाकतो. लगेच काहीच होत नाही. स्ट्रीम भारी भिडस्त. जागा किती भरली की फॉल्स म्हणायचं याची एक खूण असते, तिला 'हाय वॉटर मार्क' म्हणतात. ती बरीच वर्षं १६ केबीवर होती, नोडच्या २२व्या आवृत्तीत ६४ केबीवर गेली. पण ही खूण आहे, कुंपण नव्हे; डॉक्युमेंटेशनमध्येच तसं बजावून ठेवलंय. खूण ओलांडून लिहीत राहिलात तर स्ट्रीम घेत राहते, दर खेपेला नम्रपणे फॉल्स म्हणत. मेमरी भरत जाते आणि शेवटी अख्खा प्रोग्राम मान टाकतो. तोही शक्यतो रात्री, कारण चाचणीला घेतलेली फाइल लहान असते आणि खरी फाइल रात्री येते.

मुळात ही भानगड कशासाठी? कल्पना तर इतकी साधी की सांगायला अर्धं मिनिट पुरतं. तुमच्याकडे ४० जीबीची लॉग फाइल आहे आणि मशीनची मेमरी ८ जीबी. अख्खी फाइल एकदम आत घेता येत नाही. मग थोडी घ्या, तेवढ्यावर काम करा, पुढे द्या, पुन्हा थोडी घ्या. संपलं. यात पन्नास पानं लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. १९६४ साली बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी ही कल्पना एका छोट्याशा टिपणात उरकली. प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत. कमी पडलं की आणखी एक तुकडा फिरवून बसवायचा. पुढे हे गृहस्थ अधूनमधून सहकाऱ्यांच्या मागे लागत राहिले, आणि १९७३ साली केन टॉम्पसन यांनी एका रात्रीत युनिक्समध्ये पाइप बसवून दिला. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी एकओळी प्रोग्राम लिहून एकमेकांना दाखवत सुटली होती म्हणतात.

पहिल्यांदा या जोडणीसाठी लहान-मोठ्याची चिन्हं वापरली होती. ती दिसायला आणि वाचायला गैरसोयीची निघाली, म्हणून काही महिन्यांतच काढून टाकली आणि त्या जागी एक उभी रेघ आली. काढून टाकली, हे महत्त्वाचं. युनिक्स तेव्हा मोजक्याच मशीनवर चालत होतं. ज्यांची गैरसोय व्हायची त्यांना भेटून सांगता येत होतं. आजच्या काळात असं काही काढायचं म्हटलं तर आधी दोन वर्षं इशारा द्यावा लागतो, मग इशाऱ्याबद्दल तक्रारी येतात, मग इशारा बंद करायचा पर्याय द्यावा लागतो.

त्या उभ्या रेघेची खरी करामत १९८६ साली छापून आली. जॉन बेंटली यांचं एका नामांकित नियतकालिकात सदर होतं. त्यांनी डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिलं: मजकुरात सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द मोजून दाखवणारा प्रोग्राम लिहा. क्नूथ म्हणजे या क्षेत्रातले महामहोपाध्याय. त्यांनी छापील दहाच्या वर पानं भरणारा, टीपा-टिप्पणींसह वाचावा असा देखणा प्रोग्राम लिहिला. परीक्षणाला दिला मॅकिलरॉय यांच्याकडे. मॅकिलरॉय यांनी कारागिरीची मनापासून तारीफ केली आणि तेच काम करणाऱ्या सहा आज्ञा उभ्या रेघांनी जोडून खाली लिहून दिल्या. क्नूथना मुळात लिहिण्याची एक पद्धत दाखवायची होती, शर्यत लावायची नव्हती. त्यामुळे हा सामना पुरता न्याय्य नव्हता. पण सहा आज्ञांच्या बाजूच्या लोकांना ही गोष्ट सांगताना तेवढं आठवत नाही. मलाही दर वेळी आठवतंच असं नाही.

आता त्या रेघेत 'नको' कोण म्हणतं? कुणीच नाही, निदान ऐकू येईल असं तरी नाही. डावीकडचा प्रोग्राम वेगाने लिहितोय, उजवीकडचा सावकाश वाचतोय, मधली जागा भरली. आजच्या लिनक्समध्ये ती साधारण ६४ केबी असते. भरली की ऑपरेटिंग सिस्टिम डावीकडच्याला गाढ झोपवते आणि जागा झाली की उठवते. आपण झोपलो होतो हे त्याला कळतही नाही. ना फॉल्स, ना ड्रेन, ना हाका. कटकट गेलेली नाही. ती कर्नलमध्ये राहायला गेली आहे आणि आपल्याला तिचं तोंड बघावं लागत नाही, इतकंच.

रायन डाल यांनी २००९ साली बर्लिनच्या एका परिषदेत नोड दाखवलं तेव्हा तिथे ही सोय नव्हती, आणि नसण्याला सबळ कारण होतं. नोडमध्ये तुमचा जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालतो. हजार गिऱ्हाइकांचं काम तो एकच धागा आळीपाळीने बघतो. त्याला एका मंद गिऱ्हाइकापायी झोपवलं तर उरलेले नऊशे नव्याण्णव ताटकळतात. म्हणजे झोपवायचं नाही, तर सांगायचं: बाबा रे, पुरे, दुसरं काही बघ. सांगायचं म्हटलं की भाषा आली, आणि भाषा आली की गैरसमज आलेच. नोडच्या स्ट्रीमवर मी यापुढे जे काही तोंडसुख घेणार आहे, ते या कारणाची पुरती जाण ठेवून घेणार आहे. घेणार मात्र आहे.

पहिल्या पिढीची स्ट्रीम अगदी सोपी होती. तिच्याकडे डेटा आला की ती 'डेटा' म्हणून ओरडायची आणि हातातलं टाकून मोकळी व्हायची. ऐकणारा तयार असो वा नसो. तुम्ही आधी डेटाबेसमधून गिऱ्हाइकाचं नाव काढून आणू आणि मग ऐकायला बसू असं म्हणालात, तर नाव घेऊन येईपर्यंत अर्धी फाइल सांडून गेलेली असायची. तिला थांबवायला 'पॉज' होता. पण तो पॉज म्हणजे नुसती सूचना. पॉज म्हटल्यावरही डेटा येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा, असा त्याचा लौकिक होता. पंगतीत हात आडवा धरावा आणि वाढप्याने बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी, तसं.

हे फार झालं, म्हणून २०१३ साली नोडच्या ०.१० आवृत्तीत दुसरी पिढी आली. आता ओरडाआरडा बंद. स्ट्रीम फक्त 'रीडेबल' असं हळूच सुचवणार, आणि तुम्ही तुमच्या सवडीने 'रीड' म्हणून मागून घेणार. विचार उत्तम होता. फक्त काही बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवायच्या. रीडने 'नल' दिलं तर डेटा संपला असं नव्हे, आत्ता नाही एवढंच. 'रीडेबल' अशी हाक आली तर वाचायला काही असेलच असंही नव्हे. सगळं संपल्यावर ती आणखी एकदा येते, वाचायला काही उरलं नाही हे कळवायला. शून्य बाइट वाचायची एक रीत आहे; तिने काही वाचलं जात नाही, पण आतल्या यंत्रणेला कोपरखळी बसते. आणि एक गंमत अशी की ज्यांना डेटा नकोच होता, फक्त समोरच्याने फोन ठेवला एवढंच कळायला हवं होतं, त्यांचे जुने प्रोग्राम या पिढीत तसेच लटकून राहिले. पूर्वी न ऐकलेला डेटा आपोआप वाऱ्यावर जायचा. आता कुणी मागत नाही तोवर स्ट्रीम पहिल्या थेंबालाच थांबून राहते, त्यामुळे शेवट कधी येतच नाही. दुर्लक्ष करायचं असेल तरी आधी 'रिझ्यूम' म्हणून तशी परवानगी द्यावी लागते.

मग जुन्या, ओरडणाऱ्या पद्धतीचं काय? ती काढता येईना. तोवर नोड मोजक्या मशीनवर राहिलेलं नव्हतं. म्हणून तडजोड निघाली: तुम्ही 'डेटा' हा शब्द नुसता कानावर घ्यायची तयारी दाखवलीत की स्ट्रीम समजते, हा जुन्या वळणाचा माणूस, आणि वाहायला लागते. पुढे तिसऱ्या पिढीत या दोन्ही चाली एकत्र नांदायला लागल्या, हवं तेव्हा इकडून तिकडे जाता येऊ लागलं. म्हणजे स्ट्रीमकडे बघता कसे, यावर ती वागते कशी हे ठरतं. आणि बघणं थांबवलं तर? वाहणं थांबत नाही. डेटा ऐकणारा काढून घेतला तरी स्ट्रीम आपोआप पॉज होत नाही, जुन्या प्रोग्रामांचा मान राखण्यासाठी, असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. ती सध्या वाहते आहे की नाही हे विचारायला एक गुणधर्म आहे. वाहते की नाही, म्हणजे होय किंवा नाही अशी दोनच उत्तरं असायला हवीत. तीन आहेत. होय, नाही, आणि 'अजून कुणी विचारलंच नाही'. तिसऱ्या उत्तरातला प्रामाणिकपणा मला आवडतो. माणसांसाठीच्या फॉर्ममध्येही तो रकाना हवा.

वाहण्याचं हे, तर संपण्याचं काय विचारता! वाचायची स्ट्रीम संपली की 'एंड' होते. लिहायची संपली की 'फिनिश' होते. दोन्ही बाजूंनी चालणारी असेल तर तिचं एंडही होतं आणि फिनिशही, आणि दोन्ही एकाच वेळी होतील याची हमी नाही. या दोन्हींच्या नंतर 'क्लोज' असतं, म्हणजे खालची फाइल किंवा कनेक्शन खरोखर मिटलं. मध्येच काही बिनसलं तर एंड आणि फिनिश दोन्ही चुकतात आणि थेट क्लोज येतं. त्याला अकाली मिटल्याची एक खास चूक नेमून दिलेली आहे. शेवटी २०१८मध्ये नोडच्या दहाव्या आवृत्तीत एक छोटं साधन आलं, त्याचं काम एवढंच की ही स्ट्रीम एकदाची संपली का ते सांगायचं. कोणत्या प्रकारे संपली याच्या चौकशीत पडायचं नाही. त्याचं नाव अर्थातच 'फिनिश्ड'. फिनिश वेगळं, फिनिश्ड वेगळं. मुलाखतीत हा प्रश्न विचारणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचं पुढे भलं झालेलं आहे.

त्याच आवृत्तीत 'पाइपलाइन' आली. तोवर दोन स्ट्रीम जोडायला नुसता 'पाइप' होता, मॅकिलरॉय यांच्या रेघेचा सख्खा वारस. वारशात एकच गोष्ट राहून गेली होती. जोडलेल्यांपैकी वाचणारी स्ट्रीम मध्येच कोसळली, तर पुढच्या स्ट्रीमला कोणी कळवत नसे. ती बिचारी फाइल उघडी धरून बसून राही, आणि अशा पुष्कळ जणी बसून राहिल्या की एक दिवस मशीन म्हणे, आता आणखी फाइल उघडता येणार नाहीत. हे भोगलेल्या लोकांनी आपापली पॅकेजेस लिहिली होती. त्यातलं 'पंप' नावाचं पॅकेज इतकं बरं निघालं की नोडने त्याच धर्तीवर पाइपलाइन घरात घेतली. चांगलं केलं. पाइप मात्र काढला नाही. आज दोन्ही शेजारीशेजारी आहेत, आणि जुनी उत्तरं वाचून शिकणाऱ्या पोरापोरींच्या हाती आधी पाइप लागतो, कारण तो लिहायला छोटा आहे.

त्या मधल्या काळातली पॅकेजची बाजारपेठ हा वेगळाच विषय आहे. स्ट्रीम वापरणं सोपं करणारं 'थ्रू' आलं. थ्रूमध्ये दुसऱ्या पिढीची सोय नव्हती म्हणून 'थ्रू टू' आलं. 'फ्रॉम टू' आलं, 'डुप्लेक्सिफाय' आलं, 'कॉन्कॅट स्ट्रीम' आलं, 'एंड ऑफ स्ट्रीम' आलं, आणि यातली बरीचशी एका गाठोड्यात बांधून देणारं 'मिसिसिपी' आलं. सगळ्यात आदरणीय होतं 'रीडेबल स्ट्रीम'. नोडच्याच अंगच्या स्ट्रीमची ती वेगळी काढून ठेवलेली प्रत. नोडच्या आवृत्त्या बदलल्या की स्ट्रीमची वागणूक बदलते, तर आपली वागणूक बदलू नये म्हणून लोक मूळ वस्तू असताना तिची प्रत वापरत. हे वाचून हसू येतं, पण सल्ला शंभर टक्के शहाणपणाचा होता.

याच बाजारपेठेत 'इव्हेंट स्ट्रीम' नावाचं पॅकेज होतं. आठवड्याला वीस लाखांच्या आसपास लोक किंवा त्यांची यंत्रं ते उतरवून घेत. मूळ लेखकाला त्यात आता रस उरलेला नव्हता, पैसा तर कधीच नव्हता. २०१८मध्ये एका अनोळखी माणसाने 'मी सांभाळू का' असं विचारलं, आणि ते त्याच्या हवाली झालं. नव्या सांभाळणाऱ्याने त्यात 'फ्लॅटमॅप स्ट्रीम' नावाचं आणखी एक पॅकेज अडकवलं, आणि त्यात एका बिटकॉइन वॉलेटमधून पैसे चोरायचा कोड दडवला होता. स्ट्रीम सोपी करून घेण्यासाठी जगभरच्या लोकांनी हा पाहुणा घरात घेतला, आणि त्यातल्या बहुसंख्यांना तो आपल्या घरात आहे याची गंधवार्ता नव्हती, कारण त्यांनी मागवलेल्या पॅकेजच्या पॅकेजच्या पॅकेजला तो लागत होता.

चोरी पकडली गेली ती मात्र फार सुंदर कारणाने. दडवलेला कोड उलगडण्यासाठी चोराने नोडमधलं एक जुनं फंक्शन वापरलं होतं. नेमकी त्याच सुमारास नोडची नवी आवृत्ती आली आणि तिने ते फंक्शन वापरणाऱ्यांना 'हे कालबाह्य झालंय, नवीन वापरा' असा इशारा द्यायला सुरुवात केली. आमच्या प्रोग्राममध्ये तर हे फंक्शन कुठेच नाही, मग इशारा कुठून येतोय, असं शोधत शोधत लोक चोराच्या बिळापर्यंत पोचले. आम्ही सगळे ज्या इशाऱ्यांना शिव्या देतो, त्यांचा इतका ठोस उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. जगात चोऱ्या करायच्या तरी इंटरफेस अद्ययावत ठेवावे लागतात.

एक सुधारणा मात्र खरोखरच सुखाची झाली, आणि तिच्याबद्दल वाकडं बोलायची माझी इच्छा नाही. तीही २०१८चीच, आधी प्रयोग म्हणून आलेली: 'फॉर अवेट'. साधं लूप लिहायचं. स्ट्रीममधला एकेक तुकडा हाती येतो. तुमचं काम होईपर्यंत पुढचा तुकडा येत नाही. 'नको' म्हणावंच लागत नाही, कारण मागितल्याशिवाय कोणी वाढतच नाही. चूक झाली तर नेहमीच्या जाळ्यात सापडते. हे पहिल्यांदा वापरलं तेव्हा इतकी वर्षं आपण नक्की काय करत होतो असा प्रश्न पडला. अट एकच. लूपमधून मध्येच बाहेर पडलात तर स्ट्रीम नष्ट केली जाते. फाइलची पहिली शीर्षकाची ओळ वाचून ब्रेक करू आणि बाकीची नंतर सावकाश वाचू, असा बेत करणाऱ्यांना नंतर असं काही नसतं हे कळतं. यावरही उपाय आला आहे: नष्ट करू नका असं सांगणारा एक पर्याय. वाकडं बोलायचं नाही म्हणालो होतो, तेव्हा त्या पर्यायाचं नाव किती लांब आहे ते सांगत नाही.

आणि मग ब्राउझरवाले आले. ब्राउझरच्या जगाने नोडकडे बघून, त्यातल्या ठेचा पाहून, शहाणपणाने स्वतःचं प्रमाण आखलं: वेब स्ट्रीम. नोडने २०२१मध्ये सोळाव्या आवृत्तीत ती प्रयोग म्हणून आत घेतली आणि अठराव्यापासून ती सगळीकडे मोकळी उपलब्ध केली. म्हणजे आता नोडमध्ये एक 'रीडेबल' आहे आणि एक 'रीडेबल स्ट्रीम' आहे. पहिलीही स्ट्रीम आहे, दुसरीही रीडेबल आहे, आणि वर सांगितलेलं 'रीडेबल स्ट्रीम' हे पॅकेज पहिल्या रीडेबलची प्रत आहे, दुसऱ्या रीडेबल स्ट्रीमशी त्याचा काही संबंध नाही. हे वाक्य मी सावकाश लिहिलंय, तुम्हीही सावकाश वाचा.

वेब स्ट्रीममध्ये ते वादग्रस्त फॉल्स नाही. तिथे 'किती हवंय?' असं सरळ विचारता येतं, आणि उत्तर आकड्यात मिळतं. किती सुधारणा ही! फक्त तो आकडा उणेही येऊ शकतो. वाढपी विचारतो किती वाढू, आणि पानावरून उत्तर येतं, उणे तीन. शिवाय एकदा कोणी वाचायला बसला की स्ट्रीमला कुलूप लागतं. दुसऱ्याने हात लावला तर चूक. दोघांना वाचायचं असेल तर तिचे दोन फाटे करता येतात, पण एक फाटा भराभर वाचणारा आणि दुसरा रेंगाळणारा असेल, तर रेंगाळणाऱ्याचा वाटा मेमरीत साठत जातो, हद्द नसलेला. म्हणजे त्या भिडस्त स्ट्रीमचं वळण या घरातही उतरलंच.

या दोन घराण्यांची गाठ कुठे पडते? इंटरनेटवरून एक फाइल उतरवून डिस्कवर ठेवा. याहून सामान्य काम संगणकावर नसेल. उतरवण्याचं 'फेच' तुम्हाला वेब स्ट्रीम देतं. डिस्कवर लिहिण्याचं साधन नोडच्या जुन्या घराण्यातलं. मध्ये सोयरीक जुळवायला आणखी एक फंक्शन आहे, वेबमधून नोडमध्ये आणणारं. आणि उलट्या वाटेचंही आहेच. कर्ल नावाचा जुना प्रोग्राम हेच काम एका ओळीत करतो, आणि पुढे उभी रेघ घातली की कुठेही नेऊन सोडतो. पण कर्लला हजार गिऱ्हाइकं एका धाग्यावर सांभाळायची नसतात, हे आपण मघाशीच कबूल केलंय.

तर अशा या परिस्थितीत हिंजवडीतल्या आमच्या मीटिंग रूममध्ये, जिचा एसी फक्त 'चालू' आणि 'फार चालू' अशा दोनच अवस्था जाणतो, एक दिवस ठरलं की स्ट्रीम सोपी करायची. आपल्या टीमपुरती. एक रॅपर लिहायचा, म्हणजे आतलं आत, आणि बाकीच्यांना काहीही कळायची गरज नाही. फळ्यावर फक्त एक फंक्शन लिहिलं गेलं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं. सगळ्यांना गहिवरून आलं.

"चूक झाली तर?" पेमेंटवाल्या टीमचा प्रतिनिधी म्हणाला. "आम्हाला पुन्हा प्रयत्न करायला हवा."

"आम्हाला नको," रिपोर्टवाले म्हणाले. "आमच्याकडे दोनदा गेलं तर बेरीज दुप्पट होते."

"मग तिसरा पॅरामीटर घेऊ. ऐच्छिक."

"आमच्याकडे अजून जुन्या पाइपवाला कोड आहे," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. तो दर मीटिंगला हेच वाक्य बोलतो आणि दर वेळी त्याचं खरं असतं. "तो बदलायला या तिमाहीत माणसं नाहीत."

"बरं, त्यासाठी 'जुनं' असा पर्याय ठेवू."

"मुळात चालू की बंद?"

"चालू. नाहीतर तुमचं मोडेल ना."

"आणि वेब स्ट्रीम आली तर?"

"ओळखून घेऊ."

"आपोआप?"

"आपोआप नको," पेमेंटवाले म्हणाले. "आमच्याकडे आपोआप काही चालत नाही. ऑडिट असतं."

चहा आला तोवर तिसऱ्या पॅरामीटरचं ऑब्जेक्ट झालं होतं. चहा गेला तेव्हा त्या ऑब्जेक्टमध्ये आणखी एक ऑब्जेक्ट होतं. ज्या मुलीने यादी तीनतीनदा लिहिली होती, तिला डॉक्युमेंटेशनचं काम मिळालं, कारण तिला हा विषय आता चांगला कळतो असं सर्वांचं मत पडलं. तिने नीट लिहिलंय. अठरा पर्याय आहेत, अक्षरक्रमाने, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या टीमच्या आग्रहाने आला तेही नोंदलंय. त्यात 'सिंपल' नावाचाही एक पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तर 'जुनं'शी त्याचं पटत नाही.